माथेरानच्या वाफेच्या इंजिनांतला पोकळ आस

नेरळ-माथेरानच्या २ फूट रुंदीच्या रुळमार्गावर २० ला १ (२० फुटांत १ फूट) असा चढ आणि जीवघेणी वळणं. त्यासाठी ब्रिटिश रेल्वे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलने बांधली. क्रमांक ७३८ ते ७४१, प्रत्येकाला चाकं सहा.

खरी करामत आहे पहिल्या आणि तिसऱ्या आसात. चाकं एका पोकळ आसावर बसतात, आत भरीव आस असतो. दोन्ही मधोमध गोलाकार सांध्याने जोडलेले, फिरवण्याचा जोर एका पिनेतून जातो. वळणावर पोकळ आस चाकांसह तिरका होतो. आतला आस मात्र सरळच राहतो, म्हणून क्रँक (आस फिरवणारा हात) आणि चाकं जोडणाऱ्या जोडदांड्यांना काही कळतही नाही. फारच देखणी युक्ती!

दुखणंही तिथेच. सांधा नजरेआड, तेल पोचणं कठीण. पीन झिजली की चाकं ठोके देऊ लागतात, आणि चाकांचा जोड खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही.

न चालवता उघड्यावर उभ्या ठेवलेल्या इंजिनाला पाऊस खातो. धूरपेटीतली (धुराड्याखालच्या कप्प्यातली) राख आधी पूर्ण काढा. ओल लागली की ती आम्लासारखी पत्रा पोखरते. पाण्याच्या टाक्यांचे तळही कोरडे हवेत. वरून रंग मारणं हा सगळ्यात शेवटचा भाग.