ओडी ०.४ आणि एक ते दोन बंद

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मला ई. कोलाय या बॅक्टेरियाचा ओएसएमवाय प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) मिळालेला, लॅकझेड जीनला जोडलेला, म्हणजे प्रमोटर जितका चालू तितकं बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे एन्झाइम बनणार. कल्चर वाढवा, ओएनपीजी घाला, एन्झाइमने ते तोडून पिवळा रंग आला की सोडियम कार्बोनेटने थांबवा, मिलर युनिट (एन्झाइम किती चालतं त्याचा आकडा) काढा, हे आठवड्यात जमलं. आकडे मात्र सोमवारी एक, बुधवारी त्याच्या सहापट. स्ट्रेन तोच, मीडिया तोच.

मॅडमनी वहीतल्या दोन ओडींखाली (ओडी म्हणजे कल्चर किती गढूळ, त्यावरून पेशी किती) पेन्सिल ओढली. सोमवारी ०.३, बुधवारी २.८. मी म्हटलं, मॅडम फॉर्म्युल्यात ओडीने भागतोच ना? "भागून पेशींचा हिशेब होतो गं, फेजचा नाही." फेज म्हणजे वाढीचा टप्पा. हा प्रमोटर सिग्मा-एस या प्रोटीनवर चालतो, लॉग फेजमध्ये, म्हणजे भराभर वाढताना, पेशी ते प्रोटीन बनवते आणि लगेच तोडूनही टाकते, स्टेशनरी फेज, म्हणजे वाढ थांबायची वेळ, जवळ आली की मग ते साठतं.

म्हणजे माझी फेज ठरवत होतं कोण, तर स्पेक्ट्रोचा, म्हणजे ओडी मोजायच्या मशीनचा, स्लॉट! मशीन एकच, आदल्या दिवशी स्लिप भरायची, दोन सह्या आणायच्या, मिळणार अर्धा तास, आणि एक ते दोन खोलीला कुलूप. मी डिचोलीहून बसने येणार, दहाला इनॉक्युलेट करणार (रात्रभर वाढवलेलं कल्चर ताज्या मीडियात घालणार), कल्चर ०.४ ला पोचणार बरोबर एकला पाच कमी असताना, आणि अटेंडंट चावी खिशात टाकून जेवायला. एलबी मीडियात ३७ डिग्रीला बॅक्टेरिया वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात हो, तुमचं जेवण होईपर्यंत माझी ओडी दोनावर! तीन दिवस हेच झालं. चौथ्या दिवशी दाराशीच उभी राहिले, तर "स्लिप अडीचची आहे" म्हणून परत पाठवलं. बॅक्टेरियाला स्लिप दाखवू का आता?

शेवटी सुचलं ते बर्फ. ०.४ झाली की ट्यूब थेट बर्फात, वाढ थांबते, मग वाट बघा निवांत. आमचं बर्फाचं मशीन बंद तेव्हा कँटीनच्या मासळीच्या पेटीतला आणला, झाकण घट्ट असलं की चालतं.

हे आधी सांगायला हवं होतं, ओव्हरनाइट कल्चर शंभरपट पातळ केलं तर पुरत नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ लवकर तुटत नाही, ०.४ पर्यंत जेमतेम तीन पिढ्या होतात आणि रात्रीच्या एन्झाइमचा आठवा-दहावा हिस्सा तसाच राहतो. हजारपट करा. पावसात लाइट जाऊन शेकर थांबला तर त्या दिवसाचं कल्चर फेकून द्या. आणि ओडी अर्ध्याच्या वर गेली की पातळ करून मोजा, नाहीतर मशीन कमीच दाखवतं.

मग हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला फिशथाळी कबूल करून सकाळी सातलाच इनॉक्युलेट करायला लावलं, दर अर्ध्या तासाला सॅम्पल बर्फात, सगळे एकाच स्लॉटमध्ये मोजले. ग्राफ आधी जवळपास सपाट, ओडी एकच्या पुढे चढायला लागलेला. सोमवारचा आणि बुधवारचा आकडा सहज टाकून बघितला, दोन्ही त्याच रेषेवर बसले.