दोरी, एरंडेल आणि बर्लिनचे पाहुणे

मी साताऱ्यात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. शिकवण्यापेक्षा मुली टिकवणं अवघड. तिसरी-चौथीत आलेली मुलगी सातवीपर्यंत दोरीवर निवांत निद्रासन घ्यायला लागते आणि आठवीच्या आत घरून निरोप येतो, ‘आता नको.’ सांगताना अभ्यासाचं कारण सांगतात. खरं कारण आखूड पोशाखाचं असतं, हे आया मला फाटकाबाहेर बाजूला घेऊन हळूच सांगून जातात. हे आधीच लिहिते, कारण बर्लिनचे पाहुणे येऊन गेल्यापासून डोक्यात जे चाललंय ते याच गोष्टीभोवती फिरतंय.

पाहुणे म्हणजे तिथल्या एका जिम्नॅस्टिक्स क्लबची मुलंमुली आणि त्यांचे दोन प्रशिक्षक. आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकली, तिच्या ओळखीने ते आमच्या व्यायामशाळेत आले. दुभाषाचं कामही तिनेच केलं. आमच्याकडे पुरलेल्या मल्लखांबाचे गुरू म्हणजे अप्पा. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी खांबाला हात लावायची कुणाला परवानगीच दिली नाही.

खांब शिसवीचा आहे. वर बोंड, त्याखाली मान, मग खाली रुंदावत गेलेलं अंग. त्याला एरंडेल लावणं हे काम बाहेरच्यांना किरकोळ वाटतं. तेल ओतायचं नसतं. तळहातावर थोडं घेऊन, खालून वर, लाकूड ऊबदार होईपर्यंत जिरवायचं असतं. जास्त झालं की पोरगं दसरंग, म्हणजे खांबावर चढायचा एक प्रकार, घेतानाच सरकत खाली येतं, कमी झालं की मांडीची साल निघते. अप्पा डोळे मिटून खांबावरून बोट फिरवतात आणि आज किती लागेल ते सांगतात. असा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नाही, आणि क्रीडा खात्याच्या कुठल्याही अर्जात ही विद्या लिहायला रकाना नाही.

तर पाहुण्यांपैकी एक उंच मुलगा पुढे आला. त्याने पिशवीतून मॅग्नेशियमच्या खडूचा ठोकळा काढला, दोन्ही हात पांढरेशुभ्र केले आणि खांबाकडे निघाला. अप्पा एवढ्या जोरात ओरडले की दुभाषाची गरजच पडली नाही. एरंडेलावर तो खडू बसला असता तर खांबाला राड लागली असती आणि ती काढायला दोन दिवस गेले असते. मग अप्पांनी स्वतः त्या मुलाचे हात ओल्या फडक्याने पुसले आणि तळव्यावर तेलाचा थेंब टाकून दिला. बारवर घसरू नये म्हणून खडू लावणाऱ्या पोराला घसरायच्या खांबावर तेल लावून चढायचं हे पटेना. अप्पांच्या अढीतून त्याला ते पटलं. अढी म्हणजे दोन्ही पायांनी खांब कवटाळणं, सगळ्याची सुरुवात तिथून. हाताचा जोर इथे दुय्यम, खांब धरतात त्या मांड्या.

यानंतर सुरू झाली ती गोड स्पर्धा, कोणाचं जुनं याची. त्यांच्या वयस्कर प्रशिक्षकांनी सांगितलं की फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ साली बर्लिनच्या हाजेनहायडे मैदानात पहिली खुली व्यायामशाळा काढली. सिंगल बार आणि डबल बार त्यांच्यामुळेच जगभर गेले. अप्पांनी लगेच दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर काढले. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान, सप्तशृंगीच्या डोंगरावरची साधना, तिथे माकडांकडून सुचलेला मल्लखांब, अशी परंपरेने चालत आलेली सगळी कथा त्यांनी अंगविक्षेपांसह सांगितली. काळ साधारण तोच! बरोबरी झाली म्हणून सगळे टाळ्या वाजवतायत तोवर अप्पांनी राखून ठेवलेला डाव टाकला: बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. जर्मन प्रशिक्षकांनी हसत दोन्ही हात वर केले.

मग त्यांनी फोनवर यान यांच्या पुतळ्याचं चित्र दाखवलं. हा पुतळा १८७२ सालचा, आणि त्याच्या चौथऱ्याला देशोदेशीच्या व्यायाम मंडळांनी पाठवलेले दगड बसवलेले आहेत. आमच्या धाकट्या गटातली एक मुलगी हे ऐकून उठली आणि मैदानाच्या कडेचा एक काळा दगड उचलून त्यांच्या हातात देऊन आली. म्हणाली, “साताऱ्याचा लावा.” त्यांनी तो रुमालात गुंडाळून ठेवला. स्मारकाला कोणी असा दगड लावू देणार नाही हे त्यांना माहीत असणारच, पण तिच्यासमोर ते एका शब्दानेही तसं बोलले नाहीत. मला ते फार आवडलं.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला होता, हेही अप्पांनी अभिमानाने सांगितलं. हिटलरच्या राजवटीतल्या त्या ऑलिम्पिकचं नाव निघताच पाहुणे जरा गंभीर झाले. प्रशिक्षक म्हणाले, त्या मैदानावर मुलांना नेतो तेव्हा तिथे काय काय झालं ते सगळं सांगतो. यान यांच्या व्यायामशाळाही प्रशियाच्या सरकारने १८२० पासून १८४२ पर्यंत बंद ठेवल्या होत्या आणि स्वतः यान तुरुंगात गेले होते. अभिमान आणि हिशेब दोन्ही एकाच दमात सांगणारा माणूस मी कमी पाहिलाय. आमच्या सत्कार समारंभांतून तर नाहीच.

दुपारनंतर दोरी. साधारण साडेपाच मीटर सुती दोरी, वरून सोडलेली, आणि नियम असा की गाठ मारायची नाही. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरून चढायचं, वर गेल्यावर अंगाला वेढे घेत आसन लावायचं. माझ्या मुलींनी पद्मासन, निद्रासन, मग मनोरा करून दाखवला. पाहुण्या पोरी तोंडात बोट घालून बघत होत्या.

त्यांच्यातली एक चढायला तयार झाली. घोट्यापर्यंत अंगभर घट्ट पोशाख, पावलं उघडी. २०२१ च्या युरोपियन स्पर्धेत आणि पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या मुली हा पोशाख घालून उतरल्या होत्या. नियमात तो आधीपासून बसत होता. ज्या मुलीला जसं मोकळं वाटेल तसं तिने घालावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे सांगताना त्या मुलीची मान अशी ताठ झाली की अप्पांच्या मानसोल्लासाइतकाच तो त्यांचा अभिमान असल्याचं कळलं.

पहिल्यांदा ती सरकली. कापडावर दोरी धरत नव्हती. मी तिच्या पोटरीला आणि गुडघ्यामागे राळेची पूड चोळली. दुसऱ्या वेळी वेढा बसला. तिसऱ्या वेळी तिने मांडीचा वेढा आवळला, एक हात सोडला, आणि वर स्थिर राहिली. पाय थरथरत होते, पण पकड सुटली नाही. खाली उतरल्यावर तिने पोशाख वर सरकवून पोटरी दाखवली. लाल वळसुद्धा नव्हता. माझ्या मुलींच्या पोटऱ्या पहिल्या वर्षी सोलून निघतात.

कठड्याजवळ एका मुलीची आई उभी होती. पोरीला न्यायला नव्हे, नाव काढून घ्यायला आलेली. ती म्हणाली, “ताई, असं आपल्याकडे चालतं का?”

काही संघांच्या मुली लांब चड्ड्या घालून दोरी करतात, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र आखूडच. अप्पांचं म्हणणं, दोरी कातडीने ओळखायची असते, मधे कापड आलं की दाब कळत नाही, आणि पाय ताणलेला आहे की नाही हे पंचाला दिसायला हवं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. उलट्या आसनात मी स्वतः वेढ्याचा दाब कातडीवरच मोजते. पण आमच्या व्यायामशाळेच्या समितीतले जे लोक अप्पांच्या मागे माना डोलावतात त्यांनी आयुष्यात दोरीला हात लावलेला नाही, आणि सोडून गेलेल्या मुलींची यादी त्यांनी माझ्याकडे कधी मागितली नाही.

त्या आईला मी म्हटलं, महिनाभर नाव राहू द्या. शिंप्याकडून एक पोशाख शिवून घेतलाय, गुडघ्यामागे आणि पोटरीला सुती जोड देऊन. तो घालून तिची मुलगी पद्मासनापर्यंत पोचली, निद्रासनात अजून सरकते. बर्लिनच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या कापडाचा नमुना पाठवतो म्हणून कळवलंय. पुढच्या बैठकीत अप्पांसमोरच तिला दोन्ही पोशाखांत चढवणार आहे. कोणी अंगभर पोशाखात मुलींना दोरी शिकवत असेल तर कापड कोणतं वापरता आणि राळ किती लागते, तेवढं मला कळवा.