सेव्ह न विचारणारी वही

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

आज दुपारी पोटात गोळाच आला. ऑब्सिडियन या नोंदी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘खळं’ नावाची नोंद उघडली, तर आत आण्णांच्या औषधांची यादी. खळ्याबद्दल, म्हणजे धान्य मळायच्या जागेबद्दल, एक अक्षर नाही.

हे सॉफ्टवेअर शिकायला घेऊन तीन आठवडे झाले. आण्णा ८४ वर्षांचे. मंगळवेढ्याकडच्या आमच्या रानात त्यांनी जन्मभर ज्वारी केली. तिफण, पाभर, कुळव, पात, वावडी हे शब्द आता त्यांच्या तोंडी तेवढे उरलेत. रोज रात्री फोन लावते, ते बोलतात आणि मी टाइप करत जाते.

सेव्हचं बटण कुठे दिसत नाही, याचंच पहिले काही दिवस दडपण होतं. २००६ च्या सुमाराला मी गावी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचे. भारनियमनाचे दिवस, यूपीएस नाही. एकदा सहामाहीचा अख्खा पेपर गेला आणि तेव्हापासून दर वाक्याला कंट्रोल-एस दाबायची सवय बोटांना लागली. इथे लिहिणं थांबवलं की दोनेक सेकंदांत मजकूर आपोआप डिस्कवर जातो. आण्णा भरभर बोलत असताना याचा केवढा आधार वाटतो!

पण पूर्वी सेव्ह करताना मी आणखी एक गोष्ट करत होते, ती आज कळली. ‘हे बरोबर आहे, राहू दे’ असं क्षणभर थांबून ठरवत होते. ही वही तसं विचारत नाही. लिहिलेलं जितक्या इमानाने ठेवते, तितक्याच इमानाने पुसलेलंही. मंगळवारी रात्री दुसरीच नोंद उघडली आहे असं समजून मी सगळा मजकूर निवडला, त्यावर यादी पेस्ट केली आणि कॉम्प्युटर बंद केला. त्यामुळे आज कंट्रोल-झेड दाबून काहीच परत आलं नाही.

शेवटी सेटिंग्जमध्ये ‘फाइल रिकव्हरी’ सापडलं. आपण लिहीत असताना ते दर पाच मिनिटांनी नोंदीची एक प्रत बाजूला ठेवतं आणि अशा प्रती सात दिवस राहतात. मंगळवार ते शुक्रवार, म्हणजे वेळेत होते. मंगळवारच्या प्रतींपैकी एक उघडली आणि शेणानं सारवलेलं खळं, मधला तिवडा (मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब), बैलांच्या तोंडाची मुसकी, सगळं जागच्या जागी! डोळे भरून आले. शेवटची दोन-तीन वाक्यं मात्र नव्हती. दोन प्रतींच्या मधल्या वेळेत लिहिलेली असणार.

तरीही हेच सॉफ्टवेअर ठेवणार आहे. नोंदी माझ्याच डिस्कवर साध्या मजकुराच्या फाइली म्हणून असतात, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतात. त्या जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या काही पेन ड्राइव्हवर अजून आहेत, पण तेव्हाचा फॉन्ट या कॉम्प्युटरवर नसल्याने नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. आण्णांच्या शब्दांचं तसं व्हायला नको. आपोआप सेव्ह होणं म्हणजे दुसरी प्रत असणं नव्हे, म्हणून दर रविवारी अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचं ठरवलंय.

आणि ते दुहेरी चौकटी कंस! शब्दाभोवती घातले की त्याचा दुवा होतो. त्या नावाची नोंद अजून नसेल तर दुवा फिका दिसतो. ‘वावडी’ आणि ‘पात’ फिकेच आहेत. म्हणजे हे अजून आण्णांना विचारायचंय. ही सोय मला सगळ्यात आवडली.

संध्याकाळी फोन करून हरवलेल्या वाक्यांचं विचारलं. म्हटलं, “आण्णा, तिवड्याचं पुन्हा सांगता का? माझ्याकडून पुसलं गेलं.”

“त्यात काय एवढं,” म्हणाले, “लिही. तिवड्याजवळ म्हातारा बैल धरायचा. आतल्या बाजूला फेरा लहान, त्याला चालणं कमी पडतं. तरणा बैल कडंला.” मग जरा थांबून म्हणाले, “आपला ढवळ्या शेवटची दोन सालं आतच असायचा.”

ढवळ्याचं मंगळवारी त्यांनी सांगितलं नव्हतं. ‘ढवळ्या’भोवती कंस घातलेत. फिका दिसतोय. उद्या विचारते.