त्यानं आभार मानले

आज अकरावा दिवस. सकाळी दूध तापत ठेवलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच मराठी विकिपीडियावर त्या बीडकडच्या मुलाचं योगदानांचं पान उघडलं. सगळ्यात वर तीच नोंद. त्याच्या गावाचा लेख, रात्रीचे १० वाजून ५ मिनिटं. त्यानंतर काही नाही. दूध उतू गेलं. आईनं आतून विचारलं, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं.

काही झालेलं नाही हे खरंच आहे. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही, चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या चर्चेच्या पानावर, कुणी माझं नाव काढलं नाही. मी एका लेखातला मजकूर काढला, जो नियमानं काढायलाच हवा होता. ज्याचा काढला त्यानं आभाराचं बटण दाबलं. एवढंच. पण ते आभार गळ्यात अडकलेत. खाली जात नाहीत, वर येत नाहीत.

तो माझ्या चर्चापानावर आला डिसेंबरात. "मॅडम माझं वाक्य का काढलं." खाली सही नाही, काही नाही. जाऊन पाहिलं तर त्यानं लिहिलं होतं, 'गावाच्या उत्तरेला बालाघाटच्या खोल दर्या आहेत.' बीड जिल्ह्यात दर्या कुठून आला, असं वाटून कुणीतरी खोडसाळपणा समजून ते उलटवलं होतं. मी त्याला सांगितलं, र वेगळा आणि ऱ वेगळा. आधी ऱ, मग पाय मोडायचा, मग य, की दऱ्या होतात. नाहीतर दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांचेही असेच आचार्य होतात. फोनच्या कळफलकावर ऱ कुठे दडलेला असतो तेही सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "सापडला." आणि पुढच्या दोन दिवसांत त्यानं आसपासच्या गावांच्या लेखांतल्या दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांची नावं, सगळं एकेक करून नीट केलं. एकोणतीस लेख. कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला किती आनंद झाला होता ते मी इथे लिहिलंही नव्हतं. दृष्ट लागेल असं वाटलं असावं.

मग बाकीचं. धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, कशासाठी असते, सही म्हणून चार नागमोडी रेघा कशा द्यायच्या आणि त्या लेखात नाही, चर्चापानावरच का द्यायच्या. विश्वकोशातला परिच्छेद जसाच्या तसा उचलायचा नाही, त्याला प्रताधिकार आहे; केतकरांचा ज्ञानकोश मात्र चालतो, कारण केतकर १९३७ला गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. त्यावर त्यानं विचारलं होतं, "म्हणजे माणूस जाऊन साठ वर्षं थांबायचं का ताई." मॅडमची ताई झाली ती तिथे. मी हसून पुढे गेले. आता ते वाक्य वेगळंच ऐकू येतंय.

तर त्याचा गावचा लेख. आपल्या गावांचे लेख कसे आहेत हे काय सांगायचं. हजारो आहेत आणि बहुतेकांत तेच मथळे. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. हवामानाखाली पाऊस, हिवाळा, उन्हाळा. लोकजीवनाखाली बहुतेक वेळा काहीच नाही. २०११च्या जनगणनेतून घेतलेले आकडे, आणि त्याखाली माणूस एकही नाही. त्यानं त्या रिकाम्या लोकजीवनाखाली लिहिलं. फोनवर, रात्री, एका बैठकीत.

"आमचे आजोबा सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव खंदला. सकाळी मस्टरवर नाव मांडून घ्यायचे. बाया पाटीनं माती वाहायच्या. दुपारी सुकडी भेटायची ती कामावर कुणी खायचं नाही, पदराला बांधून घरी लेकरांना आणायचे. मिलो जवारीची भाकर लाल व्हायची आणि मोडायची. माझी आजी तेव्हा नवी नवरी होती, तिची ओळख गावाला तलावावर झाली."

आणखी बरंच होतं. कुणाचा बैल कुठल्या छावणीत गेला, तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा कुणी नारळ फोडला.

मी काय केलं ते इतिहासात आहे, वेळेसकट. १० वाजून ४० मिनिटांनी 'खंदला'चं 'खणला' केलं, 'भेटायची'चं 'मिळायची', 'जवारी'चं 'ज्वारी'. संपादन सारांशात लिहिलं, शुद्धलेखन. मग चहा करून आले. ११ वाजून १५ मिनिटांनी सगळा परिच्छेद काढला. सारांश: 'संदर्भहीन मजकूर, मूळ संशोधन.' समोर आकडा उमटला, उणे ३,८१४ बाइट. पाचशेच्या वर काढलं की तो आकडा ठळक होतो, आणि लाल तर असतोच. आपल्या अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे साधारण दोनशे शब्द. एका म्हाताऱ्या माणसानं नातवाला सांगितलेले दोनशे शब्द.

आधी शुद्ध केलं आणि मग काढलं. हे मला परत परत टोचतंय. काढायचंच होतं तर शुद्ध कशाला केलं?

११ वाजून ३८ मिनिटांनी त्याचे आभार आले.

जे कुठे छापलेलं नाही ते लेखात चालत नाही, हा नियम मला पाठ आहे आणि तो मला पटतो, हेही इथे लिहून ठेवते. कुणाच्याही आजोबांचं सांगणं घेतलं तर उद्या प्रत्येक गावाला शिवाजी महाराजांचा मुक्काम निघेल. निघतोच. मी स्वतः असे कितीतरी मुक्काम काढलेत. वाचणाऱ्याला पडताळता आलं पाहिजे, ही एक गोष्ट सोडली तर आपल्या हातात राहतं काय? पण मग बहात्तरचं त्या गावातलं कुठे पडताळायचं? बीड जिल्ह्याचं गॅझेटियर १९६९चं. त्यात त्यानंतर तीन वर्षांनी पडलेला दुष्काळ कसा सापडणार? रोजगार हमीवर पुस्तकं आहेत, अहवाल आहेत, १९७७चा कायदा आहे. त्यात राज्य आहे, जिल्हे आहेत, मजुरांच्या संख्या आहेत. सुकडी पदराला बांधून आणणारी बाई त्यात या गावची म्हणून कुठे असणार? २०११मध्ये तोंडी माहितीला संदर्भ मानता येईल का याचा एक प्रयोग झाला होता. हिंदीत, मल्याळममध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडीत. माणसांना विचारायचं, ध्वनिमुद्रण करायचं, तोच संदर्भ. मी तेव्हा उत्साहानं वाचलं होतं. मराठीत आपणही करू असं कुणाशी तरी बोललेही होते. नंतर ते राहिलं. आईचं आजारपण त्याच वर्षीचं. असो.

रात्री फार वाईट वाटत होतं आणि ते सगळं त्या मुलासाठी नव्हतं, हेही लिहायला हवं. मला माझंच वाईट वाटत होतं. मी आले २००९ला. एवढी वर्षं झाली. घरचं आवरून, ऑफिसचं आवरून, रात्री दहानंतर जे काही डोळे उरतात ते मी इथे घातले. लग्नाकार्यात कोपऱ्यात बसून अलीकडील बदल पाहिलेत. कार्यशाळेत वीस मुलं येतात, फोटो काढतात, खाती उघडतात, आणि महिन्यानं एकही दिसत नाही. इतक्या वर्षांत टिकेल असं वाटलेली मुलं मी एका हातावर मोजू शकते. त्यातला हा. आणि ह्यालाही माझ्याच हातानं. मला कुणी विचारतं का की तू थकलीस का? कुणी नाही. कशाला करायचं हे, असं म्हणून रात्री खरंच लॅपटॉप बंद केला आणि अंधारात बसून राहिले.

बसल्या बसल्या माझा पहिला लेख आठवला. आमच्या गावच्या बारवेवर लिहिला होता. काय काय लिहिलं होतं त्यात! बारव पांडवांनी एका रात्रीत बांधली इथपासून. तेव्हा इथले जुने संपादक, आमचे सर, त्यांनी काय केलं, तर पांडव 'अशी आख्यायिका आहे' या वाक्यात बसवले, आणि बारवेच्या पायऱ्यांची संख्या मी लिहिली होती तिथे नुसतं 'संदर्भ हवा' लावलं. निळं, बारीक, वर चढवलेलं. काढलं नाही. चर्चापानावर एक ओळ, "पायऱ्या तुम्ही स्वतः मोजल्यात का? छान. आता छापलेलं कुठे सापडतं का पाहा." मी तीन महिने शोधत होते. जिल्हा ग्रंथालयात जायला लागले ती तेव्हापासून. ते 'संदर्भ हवा' माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार होतं. सर आता लिहीत नाहीत. त्यांच्या पानावर मी जात नाही.

'संदर्भ हवा'चा तो साचा मलाही येतो. दोन महिरपी कंस, दोन शब्द, परत दोन महिरपी कंस. शेकडो वेळा लावलाय. त्या रात्री का नाही सुचला?

आणि परत ते आभार. मी अकरा दिवस त्याचे अर्थ लावतेय. तिकडची पोरं मोठ्यांच्या पुढे बोलत नाहीत. मास्तरांनी वहीवर लाल रेघ मारली तरी 'हो सर' म्हणून वही उचलतात. तसं असेल. किंवा त्याला खरंच वाटलं असेल की ताईनं वेळ काढून आपला लेख तपासला. हे जास्त वाईट. किंवा आजोबांना वाचून दाखवायला त्यानं लेख उघडला असेल आणि तिथे काहीच नसेल, आणि काय करावं हे न कळून त्यानं जे बटण दिसलं ते दाबलं असेल. त्याचे आई-वडील आत्ता कारखान्यावर आहेत, एवढं त्यानं एकदा ओझरतं लिहिलं होतं. घरात तो आणि आजोबा. मी त्यापुढे विचारलं नव्हतं.

आज दुपारी ऑफिसात कॅलेंडरवर एकीनं लाल शाईनं गोल केला होता. तिच्या मुलीचा बारावीचा गणिताचा पेपर. मी त्या गोलाकडे बघत उभी राहिले. फेब्रुवारी. हा बारावीला आहे! त्यानंच सांगितलं होतं, डिसेंबरात, पहिल्याच आठवड्यात. मी अकरा दिवस त्याचं गप्प बसणं माझ्या खात्यावर मांडत होते आणि पोरगा पेपर देत असेल. माझ्या एका संपादनाचं त्याच्या आयुष्यात केवढं वजन धरलं होतं मी. सतरा वर्षांच्या मुलाला परीक्षा आहे, म्हातारं माणूस सांभाळायचं आहे, पाण्याचं बघायचं आहे. मी त्यातली रात्री दहानंतरची एक ताई. हे कळलं आणि हलकं वाटलं. थोडं दुखलंही, पण हलकं जास्त.

म्हणून चूक पुसली जात नाही, ती वेगळी. इथे तसंही काही पुसलं जात नाही, इतिहास उघडला की सगळं जागच्या जागी असतं. संध्याकाळी त्याची जुनी आवृत्ती उघडली. माझं शुद्धलेखन होण्याच्या आधीची. तिच्यातलं एक वाक्य लेखात परत आणलं: 'गावाच्या वरच्या अंगाला १९७२च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे.' पुढे 'संदर्भ हवा'. बाकी सगळं लेखाच्या चर्चापानावर नेऊन ठेवलं, त्याच्या नावानं, 'खंदला', 'भेटायची', 'जवारी' सकट. माझी आजी 'खांदणं' म्हणायची. विहीर खांदली, आळं खांदलं. तिच्या तोंडचं मी कधी शुद्ध केलं नव्हतं.

मग त्याला लिहायला बसले. तीन वेळा लिहून खोडलं. पहिल्यात नियमच फार होते, दुसऱ्यात माझंच रडगाणं. शेवटी एवढं ठेवलं:

"तुझा मजकूर मी न विचारता काढला. आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, ते चुकलं. सगळं चर्चापानावर ठेवलंय, वाच. तलावाला छापील पुरावा शोधू. त्या वेळचं 'मराठवाडा' दैनिक मी इथल्या ग्रंथालयात बघते. तिकडे पंचायतीत किंवा तहसीलला कामाचे कागद, मस्टर काही उरलंय का, ते तू बघ. घाई नाही. आधी पेपर. आजोबांना नमस्कार सांग. ताई."

आणि खाली चार नागमोडी रेघा.

रात्री पावणेदहाला उत्तर आलं. भांडी तशीच टाकून वाचलं.

"ताई अजून तीन पेपर आहेत मग बघतो. आजोबांना चर्चापान वाचून दाखवलं. ते म्हणले नारळ सरपंचानी नाही फोडला, रंगनाथच्या आईनी फोडला, ते दुरुस्त कर. तलावाचा फोटो टाकला तर त्याला संदर्भ लागतो का."

आभारांचं मी काही विचारलं नाही. लिहिलं की स्वतः काढलेल्या फोटोला संदर्भ लागत नाही, कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यात, चढवायचा, कसा ते पेपर झाल्यावर दाखवते. सकाळच्या उन्हात काढ. आजोबा कडेला उभे राहिले तरी चालेल, त्यांना विचारून घे.

"विचारलं," तो म्हणाला. "फेटा बांधू का म्हणतात."