‘रिपोर्ट नॉर्मल’, पण चट्टा वाढतोच आहे: स्टारीचा माझा अनुभव

‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही करायची गरज नाही.’ हे वाक्य आता कोणीही म्हटलं तरी माझं डोकं सणकतं. इकडे मांडीवरचा चट्टा रोज पसरत होता आणि तिकडे क्लिनिकच्या ॲपवर हिरवी खूण!

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. घरामागच्या झाडीतून आल्यावर गोचीड चिकटलेली दिसली, चिमट्याने काढली. आठवड्याच्या आत चट्टा: मधे लाल, भोवती फिकट, बाहेर पुन्हा लाल कडा. लाइमची, म्हणजे गोचिडीमुळेच होणाऱ्या एका जंतुसंसर्गाची, रक्ततपासणी लगेच झाली. निगेटिव्ह आली आणि गाडी तिथेच अडली. मला संशय होता स्टारीचा: लोन स्टार नावाची गोचीड चावल्यावर लाइमसारखाच चट्टा उठणारा आजार.

फोन केला की रिसेप्शनवरून प्रश्न, ‘कोणती टेस्ट हवीय?’ मी म्हणे, स्टारी. ‘स्पेलिंग?’ मग होल्डवर पियानो. मग, ‘ही टेस्ट आमच्या यादीत नाही.’ नसणारच! स्टारी कशामुळे होतो हेच अजून सापडलेलं नाही. ‘बोरेलिया लोनस्टारी’ या जंतूवर संशय होता, तो काही सिद्ध झाला नाही. मग टेस्ट करणार कशाची? पण टेस्ट नाही म्हणून अपॉइंटमेंट नाही, आणि अपॉइंटमेंट नाही म्हणून चट्टा बघायला कोणी नाही. बरं, लाइमची तपासणीसुद्धा सुरुवातीच्या काही आठवड्यांत बऱ्याचदा निगेटिव्हच येते, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे त्या हिरव्या खुणेला काडीचा अर्थ नव्हता. बिल मात्र पूर्ण आलं.

शेवटी टेस्टचं नावच सोडलं. ‘चट्टा वाढतोय, कोणीतरी डोळ्यांनी बघा,’ एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली! तुम्हीही तेच म्हणा.

नर्सबाईंनी कागदी टेपने चट्टा मोजला, आठ सेंटिमीटरच्या वर. मग मी पारदर्शक चिकटपट्टीखाली जपलेली गोचीड पुढे केली. पाठीवर एकच पांढरा ठिपका: लोन स्टार गोचिडीची मादी. ही लाइम पसरवत नाही, ते काम काळ्या पायांच्या गोचिडीचं. पण नुसत्या चट्ट्यावरून दोन्ही आजार वेगळे ओळखणं अवघड, म्हणून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. स्टारीला त्याची गरज असते की नाही, हेही नक्की ठाऊक नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला तो सरळपणा आवडला. भरपूर पाण्यासोबत घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, उन्हात जपा.

आई दोडामार्गची, तिकडच्या, गोचिडीमुळेच होणाऱ्या माकडतापाने धास्तावलेली. तिने फोनवर गोचिडीवर रॉकेल टाकायचा सल्ला दिला होता. तसलं काही करू नका, जाळूही नका. चिमटा कातडीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचं. आणि हो, झाडीतून आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये, जास्त तापमानावर दहा मिनिटं.

याच गोचिडीमुळे काहींना मटणाचीही ॲलर्जी होते. मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठलं, तर डॉक्टरांना गोचिडीचं आठवणीने सांगा. बिलाची तक्रार मी केलीय. ती अजून ‘प्रक्रियेत’ आहे.