क्लबमधली केस

आज कन्सल्टिंग, म्हणजे कंपन्यांना सल्ला द्यायच्या कामाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबची केस प्रॅक्टिस (मुलाखतीत विचारतात तसा कंपनीचा एखादा प्रश्न सोडवायचा सराव) रात्री उशिरापर्यंत रंगली. हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलमध्ये पीजीपी हा एमबीएसारखा अभ्यासक्रम एका वर्षात उरकतो, मध्ये समर इंटर्नशिप नसते. दोन वर्षांच्या एमबीएत क्षेत्र बदलणाऱ्याला सुट्टीत नवं काम करून बघता येतं; इथे ती उणीव बऱ्याच अंशी क्लब भरून काढतात. माझ्यासारख्या चाकणच्या कारखान्यातून आलेल्याला तर त्यांचा फारच आधार वाटतो.

केस मी देत होतो: टायर कंपनीचा नफा घटलाय, का? सोडवणारी डॉक्टर, सरकारी रुग्णालयातून आलेली. तिचा पहिलाच प्रश्न, "फक्त यांचाच घटलाय की सगळ्यांचाच?" तापाचा पेशंट आला की घरात अजून कुणाला आहे का, हे विचारायची सवय! अगदी नेमकं. रबर महागलं होतं, अख्ख्या धंद्यालाच झळ बसली होती. मग स्क्रॅप म्हणजे काय, कारखान्यात वाया जाणारा माल, ते मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं.

क्लबमधलं पद केवळ सीव्हीसाठी घेणाऱ्यांना या बैठकांची मजा कळत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

उद्या केस ती देणार, हॉस्पिटलच्या बेडची. कारखान्यातून कन्सल्टिंगकडे वळायचं कुणाच्या मनात असेल तर बिनधास्त मेसेज करा, सविस्तर बोलू.