भांडुपच्या खाडीतली करपलेली तिवरं

पावसाळा सरत आला की ठाणे खाडीचा मुंबईकडचा काठ वर्षातला सगळ्यात गर्द असतो. पावसाने चिखलातला खारेपणा उतरलेला असतो, तिवर या खारफुटीच्या झाडांना फळं लागलेली असतात आणि त्यांच्या श्वसनमुळांच्या खुंट्यांमधून निवट्या, चिखलातले मासे, उड्या मारत असतात. मुलुंडपासून विक्रोळीपर्यंतच्या या काठावर कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, पाहणी करणं हे माझं काम. म्हणूनच सप्टेंबरअखेरीस भांडुपजवळचे काही फोटो मोबाइलवर आले, तेव्हा ते आपल्या काठाचे आहेत हे मला पटेना. हिरव्यागार झाडीच्या मधोमध तांबूस-करडा पट्टा, वणवा फिरून गेल्यासारखा. जवळच्या एका टॉवरच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी काढलेले फोटो होते आणि खाली लिहिलं होतं, 'झाडांना विष घातलंय. लगेच या.'

असा संशय येणं साहजिक होतं. खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली, २०१८च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. पण खारफुटी मारायला कोयता लागतच नाही. राडारोडा टाकून भरतीच्या पाण्याची वाट अडवली की आत साचलेलं पाणी कुजतं, मुळांना हवा मिळत नाही आणि झाडं उभ्याउभ्या वाळतात. असे मेलेले पट्टे मी पाहिले आहेत आणि त्यांचा राग अजून जात नाही. निघताना डोक्यात तेच होतं.

चिंबोऱ्या पकडणाऱ्या एका कोळीकाकांच्या होडीतून आत शिरलो. पट्ट्याजवळ पोचलो तर आधी आवाज आला, बारीक, न थांबणारा. आभाळ कोरडं होतं. काकांनी होडीच्या फळीवर हात फिरवला आणि तळव्यावर काळे कण दाखवले. वरून अळ्यांची विष्ठा पडत होती.

मग दिसायला लागलं. तिवराच्या प्रत्येक फांदीवर अळ्या, काळपट, अंगावर उभे पट्टे. पानांच्या नुसत्या शिरा राहिलेल्या. काही अळ्या रेशमाच्या धाग्यावरून खाली लोंबत होत्या, आमच्या केसांत, डब्यावर, वल्ह्यावर येत होत्या. पण तिवरांना लागूनच उभी असलेली चिप्पी, खारफुटीचंच दुसरं झाड, जशीच्या तशी हिरवी होती. काठावरच्या मारंडीच्या झुडपांच्या काटेरी पानालाही धक्का नव्हता. विष झाड निवडून मारत नाही. भरतीचं पाणी आत येण्याची वाट तपासून आले, ती मोकळी होती. चिखलात एका नांगीने मोठे असलेले बारके खेकडे नेहमीसारखे नांगी हलवत होते. एका फांदीची साल नखाने खरवडली, आत ओली आणि हिरवी. झाड जिवंत होतं.

या अळ्यांचा पतंग सागावरचा म्हणून वनखात्यात सगळ्यांना माहीत आहे. हिब्लिया प्युएरा. पुढचे पंख मातकट, मागचे काळे आणि त्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके. जुन्या वर्गीकरणात साग आणि तिवर दोघंही निर्गुडीच्या कुळात धरले जात. पतंगाला ते नातं आपल्याआधीच कळलं असावं. पावसाळ्यानंतर मुंबईच्या तिवरांवर त्याची धाड पडते, अळ्या पान फस्त करतात, कोशात जातात, आणि झाडाला पुन्हा पालवी फुटते.

"मॅडम, फवारणी करा," काका म्हणाले. "नाहीतर सगळं जाईल."

संध्याकाळपर्यंत टॉवरमधल्या रहिवाशांकडूनही हीच मागणी आली, ड्रोनने औषध मारण्याची. त्यांची कळकळ खरी होती. आपल्या खिडकीसमोरचं जंगल वाचावं म्हणून इतकी माणसं धडपडताना मी क्वचितच पाहिली आहेत. पण उत्तर 'नाही' हेच होतं. काकांना मी विचारलं, चिंबोरी कात टाकते तेव्हा काय होतं? ते म्हणाले, मऊ पडते, बिळात दडून बसते. अळीही तशीच कात टाकते. चिंबोरी, कोळंबी आणि अळी ही सगळी सांधेपायांच्या एकाच मोठ्या गटातली. अळी मारणारं औषध पानावरून चिखलात, चिखलातून भरतीबरोबर फाट्याफाट्यात जाणार आणि कोळंबीच्या पिलांना गाठणार. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग नको मारू."

खाडी लोकांना आठवते ती रोहितांमुळे, म्हणजे फ्लेमिंगोंमुळे. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला हा पश्चिम काठ २०१५ साली त्यांच्याच नावाने अभयारण्य झाला, २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. ते हवंच होतं. पण रोहित ज्या चिखलातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, तो चिखल पोसला जातो गळलेल्या पानांवर, खेकड्यांनी कुरतडलेल्या पाचोळ्यावर, आणि त्या दिवशी आमच्या डोक्यावर पडत होत्या तसल्या काळ्या कणांवर. आम्ही होडीत असतानाच कोतवाल आणि साळुंक्या त्या पट्ट्यात उतरल्या होत्या, अळ्यांनी चोची भरून घेत होत्या.

अहवालात मी कारण, पसरलेलं क्षेत्र आणि 'फवारणी करू नये' एवढं लिहिलं. शेरा वरिष्ठांनी मान्य केला, तरी काही दिवस फोन येत राहिले, कारण करडा पट्टा खिडकीतून रोज दिसत होता. ऑक्टोबर अर्धा उलटला तेव्हा फांद्यांच्या टोकांना पोपटी पालवी आली होती. त्याच टॉवरमधून पुन्हा फोटो आले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात विक्रोळीहून एका बाईंचा घाबरलेला फोन आला, तिवरं करपल्याचा. मी त्यांना गच्चीवर जाऊन फक्त एवढंच बघायला सांगितलं, की शेजारची चिप्पी हिरवी आहे का.